बॅलेचं चित्रपुस्तक वाचून माझी सहा वर्षांची मुलगी संयम शिकेल का?

पुस्तकानं आधी हट्ट येतो, एवढं धरून चाला.

२०१६चा उन्हाळा, लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. लेक सात वर्षांची. माझ्या बहिणीनं तिला असंच एक पुस्तक दिलेलं. त्यातल्या मुलीला पंजाच्या टोकावर उभं राहायचे बूट हवेत आणि बाई तिला नुसते गुडघे वाकवायला लावतात. आमच्या बाईसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या कॅनव्हासच्या बुटात कापूस कोंबला आणि टँकरच्या रांगेत निळ्या ड्रमला धरून चढल्या टोकावर. ड्रम रिकामा. दोघंही आडवे. सासूबाई म्हणाल्या, "कामून गं हे कोंबडीवानी?"

मग मीच शोधून वाचलं. त्या बुटांचं टोक कापडा-कागदाचे थर चिकटवून कडक केलेलं असतं आणि पायांची काही वर्षं तयारी झाल्यावर, साधारण ११-१२व्या वर्षी ते मिळतात. तोवर दांडीला धरून टाचा जुळवायच्या, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवायचे, सावकाश वर यायचं. याला प्लिए म्हणतात. लेकीला म्हटलं, टँकर येईस्तोवर हेच कर. टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं, त्यामुळे सराव भरपूर झाला.

हे आमच्या भाऊजींना खुपलं. "महिन्याभरात गॅदरिंगचं गाणं बसवून देतात लोक, अन् तू पोरीला उठाबशा काढायला लावतेस? तेही असले नाच, आपल्याकडचे नव्हेत." स्वतः ट्यूशनमध्ये लातूर पॅटर्नच्या नावानं एकच पेपर पोरांकडून वीस-वीसदा सोडवून घेणारा माणूस हा! तिथं घोटून घेणं म्हणजे अभ्यास, इथं उठाबशा. आणि आपल्याकडचं म्हणाल, तर देवगिरीच्या यादवांकडे हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातला शेवटचा सातवा अध्याय अख्खा नाचावर आहे. हे सांगितलं तर म्हणाले, "परीक्षेला येतं का ते?"

तुमच्या मुलीला पुस्तक खुशाल वाचून दाखवा, पण रोज पाच मिनिटं तिच्या शेजारी तुम्हीही गुडघे वाकवा. बूट मागेल, देऊ नका, त्या वयाच्या पायांना ते झेपत नाहीत. हां, माझी लेक पुढं बॅले शिकली नाही, जवळपास क्लासच नव्हता, तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुमचं तुम्ही बघा. दांडी म्हणून खिडकीचा गज चालतो. ड्रमच घेणार असाल तर भरलेला घ्या.