वाचकांचे प्रश्न : त्रिपोलीच्या हवाई तळाच्या आठवणी

प्रश्न : गेल्या वर्षी मी मुलाकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटन येथे पाच महिने राहून आले. त्याच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक निवृत्त वायुसैनिक राहतात. 1960 नंतरच्या दशकात ते लिबियातील त्रिपोलीजवळच्या व्हीलस या अमेरिकी हवाई तळावर दोन वर्षे होते. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसलो की ते बिस्किटांच्या डब्यातले जुने फोटो काढून दाखवीत आणि माझा मुलगा मला त्यांचे बोलणे समजावून सांगे. समुद्र, पोहणे, घिब्ली नावाचा वाळवंटी वारा आणि त्याची ताटावर साचणारी धूळ, आणि जगातील सर्वांत उष्ण जागा आपल्या शेजारीच होती याचा अभिमान! ‘आयुष्यातली सर्वांत सुखाची दोन वर्षे’ असे ते म्हणत. एकदा ते आम्हांला तिथल्या वायुसेना संग्रहालयात घेऊन गेले आणि रंगीत काचांच्या एका खिडकीपुढे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. ती खिडकी कशाची? महायुद्ध संपल्यावरही अमेरिकेचा तळ लिबियात का होता? आणि एवढ्या आठवणींत लिबियातले एकही माणूस नावानिशी कसे येत नाही? माझे यजमान लोहगावच्या हवाई दलाच्या कार्यालयात सिव्हिलियन कारकून होते. त्यांनी त्या नोकरीविषयी असे भरभरून कधीच सांगितले नाही, ही रुखरुख मला आता लागून राहिली आहे.
— एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात शेवटी आलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी तळाविषयी.

तो मूळचा इटलीचा. लिबिया इटलीची वसाहत असताना 1923 मध्ये इटालियनांनी त्रिपोलीच्या पूर्वेला, मिठागराच्या काठी, मेल्लाहा नावाने हे विमानक्षेत्र उभारले. त्याच मिठागराभोवती पुढे मोटारींच्या मोठ्या शर्यती होत असत. जानेवारी 1943 मध्ये ब्रिटिश सैन्याने त्रिपोली जिंकली आणि लवकरच अमेरिकी विमाने तेथून उडू लागली. 1945 मध्ये, त्याच वर्षी इराणमधील विमान अपघातात मरण पावलेल्या रिचर्ड व्हीलस या तरुण अधिकाऱ्याचे नाव तळाला देण्यात आले. मे 1947 मध्ये अमेरिकेने तळ बंदही केला होता. परंतु रशियाशी संबंध बिघडत गेले आणि जून 1948 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधल्या वर्षभरात, सप्टेंबर 1947 मध्ये, अमेरिकेचे हवाई दल भूदलापासून वेगळे झाले होते. त्यामुळे बंद करून गेले ते भूदलाचे वैमानिक आणि परत आले ते स्वतंत्र वायुसेनेचे लोक, अशी ही थोडी चमत्कारिक कथा आहे.

तळ टिकून राहण्याचे कारण आकाशात होते. पश्चिम जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये हिवाळ्याचे कित्येक आठवडे ढगांत जातात. लढाऊ विमानांच्या चालकांना बाँब टाकण्याचा आणि तोफांचा सराव करायचा तर स्वच्छ आभाळ आणि निर्मनुष्य जमीन हवी, आणि त्रिपोलीजवळच्या वाळवंटात या दोन्ही गोष्टी वर्षभर मिळत. म्हणून युरोपातल्या तळांवरून एकामागून एक तुकड्या काही आठवड्यांसाठी तेथे सरावाला येत. आपले शेजारी मात्र दोन वर्षे राहिले म्हणजे ते तळाच्या कायम कर्मचाऱ्यांपैकी असणार.

आता आठवणींच्या खरेपणाविषयी. सर्वांत उष्ण जागेची गोष्ट घेऊ. त्रिपोलीच्या नैर्ऋत्येला सुमारे 40 किलोमीटरवर अल अझीझिया हे गाव आहे. तेथे 13 सप्टेंबर 1922 रोजी 57.8 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि जवळजवळ 90 वर्षे ती जागतिक विक्रम म्हणून मानली गेली. जागतिक हवामान संघटनेने 2012 मध्ये ती रद्द केली, कारण नवख्या निरीक्षकाने तापमापक चुकीचा वाचला असावा असे तपासात दिसून आले. म्हणजे आपले शेजारी खोटे सांगत नाहीत; विशीत असताना त्यांना जे सर्वमान्य सत्य म्हणून सांगितले गेले तेच ते आज सांगत आहेत. आठवण ही ज्या काळाची असते, त्या काळाच्या समजुतीही सोबत घेऊन येते. वाऱ्याविषयी मात्र त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. घिब्ली सुटला की दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले तरी सकाळी जेवणाच्या ताटावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बारीक धूळ साचते, ही गोष्ट ज्याने ते ताट पुसले आहे तोच अशी सांगू शकतो.

त्या खिडकीची हकीकत मोठी करुण आहे. 4 एप्रिल 1943 रोजी ‘लेडी बी गुड’ नावाचे अमेरिकी बाँबफेकी विमान बेनगाझीजवळच्या सुलूक येथील धावपट्टीवरून इटलीतील नेपल्सच्या मोहिमेवर गेले. परतताना रात्र झाली होती. आपला तळ मागे पडला हे विमानातल्या नऊ जणांच्या ध्यानात आले नाही आणि ते वाळवंटावरून तसेच दक्षिणेकडे उडत राहिले. इंधन संपत आले तेव्हा त्यांनी हवाई छत्रीने उड्या मारल्या. विमान समुद्रात पडले असावे असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे 1958 मध्ये तेलाच्या शोधात फिरणाऱ्यांना किनाऱ्यापासून सुमारे 700 किलोमीटर आत ते सापडले, आणि 1959 मध्ये व्हीलस तळावरचे पथक तेथे पोचले. 16 वर्षे वाळूत पडलेल्या त्या विमानातला रेडिओ चालत होता, मशीनगन झाडता येत होती. माणसे मात्र तेथे नव्हती. त्यांतली बहुतेक उत्तरेकडे चालत निघाली होती. 1960 मध्ये त्यांच्यापैकी आठ जणांचे अवशेष मिळाले. सहवैमानिकाच्या खिशातल्या रोजनिशीत घोटभर पाण्यावर काढलेल्या एकेका दिवसाची नोंद होती. नववा कधीच सापडला नाही. त्या नऊ जणांच्या स्मरणार्थ व्हीलस तळावरच्या प्रार्थनामंदिरात रंगीत काचांची खिडकी बसवण्यात आली आणि तळ सोडताना ती अमेरिकेत नेण्यात आली. आपले शेजारी तिच्यापुढे गप्प उभे राहिले, कारण तरुणपणी ती त्यांनी तिच्या मूळ जागी पाहिली असणार.

लिबियातली माणसे आठवणींत का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात राहून सहज समजण्यासारखे आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ‘पूना’च्या आठवणी वाचा. त्यांत पावसाळ्यातल्या घोड्यांच्या शर्यती आहेत, क्लब आहे, गणेशखिंडीतली मेजवानी आहे. आपली माणसे आहेत ती धोबी, भिस्ती आणि खानसामा एवढीच, आणि तीही बहुधा नावावाचून. त्याच वर्षांच्या आपल्या घरांतल्या आठवणी प्लेगच्या आणि बेचाळीसच्या आहेत. व्हीलस तळावर शाळा होती, इस्पितळ होते, चित्रपटगृह होते, बोलिंगची जागा होती, समुद्रकिनारा होता. हजारो अमेरिकी माणसे तेथे राहत आणि त्यांचाच राजदूत त्या जागेला ‘छोटी अमेरिका’ म्हणे. कुंपणाबाहेरचा देश 24 डिसेंबर 1951 रोजी स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांत मोडत होता. कागदासाठी लागणारे एस्पार्टो गवत आणि रणांगणावर पडलेले लोखंडी भंगार हीच त्याची महत्त्वाची निर्यात होती. अशा देशाने सप्टेंबर 1954 मध्ये आर्थिक मदतीच्या मोबदल्यात 1970 अखेरपर्यंत तळ वापरू देण्याचा करार केला. 1959 मध्ये मोठा तेलसाठा सापडला, देशाची मदतीची गरज सरली, आणि अरब राष्ट्रवादाच्या वाऱ्यात तो तळ तरुण लिबियनांना अधिकाधिक सलू लागला. 1 सप्टेंबर 1969 रोजी राजे इद्रिस यांची सत्ता गेली आणि 11 जून 1970 रोजी अमेरिकेने तळ रिकामा केला. तो दिवस लिबियात पुढे राष्ट्रीय सण म्हणून पाळला जाई. आपल्या शेजाऱ्यांची सुखाची दोन वर्षे आणि हा सण एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना आहेत, आणि माझ्या मते दोन्ही खरे आहेत.

त्यांना पुढच्या वेळी फोनवर मुलाकरवी जरूर विचारा : कपडे कोण धूत असे, त्याला काय नावाने हाक मारीत, तो कुठून आणि कशाने येई, त्याला किती पैसे मिळत. ‘तिथले लोक कसे होते’ असे विचारले तर ‘छान होते’ एवढेच उत्तर येईल. आणि त्या डब्यातल्या प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने साल आणि जागा लिहून ठेवायला सांगा.

आता आपल्या यजमानांविषयी. विशीतला मुलगा घरापासून हजारो मैल दूर दोन वर्षे राहतो, तेव्हा त्या दोन वर्षांना आरंभ असतो आणि शेवट असतो. म्हणून ती डब्यातल्या फोटोंसारखी वेगळी निघतात. आपले यजमान रोज संध्याकाळी घरी येत होते. त्यांचे लोहगाव दूध आणण्यात, मुलांच्या शाळेच्या फीत आणि आपल्याशी झालेल्या बोलण्यात मिसळून गेले, त्यामुळे सांगण्यासारखे वेगळे असे काही त्यांना वाटले नसेल. ते सांगणे आता आपल्याकडेच आहे. त्यांचे ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद एका जागी ठेवा. ते किती वाजता निघत, डब्यात काय असे, विमानांच्या आवाजाविषयी काय म्हणत, हे आठवेल तसे वहीत उतरवा. धानोरी-विश्रांतवाडीत त्यांचे सहकारी अजून राहत असतील, तर त्यांच्याकडे ती वही घेऊन जा.

प्रश्न : 1980 नंतर मी काही वर्षे त्रिपोलीत एका बांधकाम कंपनीत अभियंता होतो. शहराच्या पूर्वेला लष्करी विमानतळाच्या भिंतीजवळून आमची गाडी जाई आणि आत अमेरिकी धाटणीची बैठी घरे दिसत. तो हाच तळ का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : होय, तोच. अमेरिका गेल्यावर त्याला उकबा बिन नाफी हे नाव मिळाले. 1990 नंतरच्या दशकात तेथून नागरी विमानेही सुटू लागली आणि आज तो मिटिगा विमानतळ म्हणून ओळखला जातो. जुलै 2014 मधील लढाईत त्रिपोलीचा मुख्य विमानतळ उद्ध्वस्त झाल्यापासून शहराची भिस्त याच धावपट्टीवर आहे. लोहगावला वायुसेनेच्या धावपट्टीवरून प्रवासी विमाने उडताना आपण रोज पाहतो, त्यामुळे पुणेकरांना यात नवल वाटू नये. आपण ती घरे कोणत्या सालापर्यंत पाहिली आणि त्यांत तेव्हा कोण राहत होते, हे आठवत असल्यास अवश्य कळवा. आपले पत्र विश्रांतवाडीच्या वाचक भगिनींकडे पाठवू, म्हणजे त्या ते डेटनच्या आजोबांना वाचून दाखवतील.