शेक संपून वर्ष झालं, आता संडासातून रक्त का पडतंय?

प्रश्न : डॉक्टर, आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. पाच आठवडे बाहेरून शेक (रेडिएशन) दिला, मग आतून पण दिला. संपून वर्ष होऊन गेलं, चेकअपला सगळं नॉर्मल म्हणाले. पण आता संडासला गेली की रक्त पडतं, कधी नुसतं रक्त आणि शेंबडासारखं चिकट, दुखत काहीच नाही. ती सांगतच नव्हती, कपडे धुताना माझ्या लक्षात आलं. इथल्या मूळव्याधीच्या दवाखान्यात नेलं तर कोंब आहे म्हणाले, दोरा बांधून टाकू. आईने मनात घेतलंय की कॅन्सर परत आला. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी तो दोरा बांधायचा थांबवा. शेक घेतलेल्या जागेला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, तिथे कापाकापी किंवा बांधाबांधी केली तर जखम महिनोन्महिने भरत नाही, आणि कधी कधी गुदाशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये भोकच पडतं, मग ते निस्तरणं फार अवघड. त्या दवाखान्यात तुम्ही शेकाचं सांगितलं होतं का, त्यांनी विचारलं होतं का, हे पत्रात नाही, पण यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच, आईने ओटीपोटावर शेक घेतलाय. शेकाचं डिस्चार्ज कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.

आता रक्त का पडतं ते. गर्भाशयाचं तोंड आणि गुदाशय अगदी पाठीला पाठ लावून असतात, त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला थोडा शेक लागतोच. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानंतर हळूहळू आकसत जातात, आतलं अस्तर पातळ होतं आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक नवीन वाहिन्या येतात. कडक शौच घासून गेलं की त्या फुटतात. हे सगळं घडायला वेळ लागतो म्हणून त्रास शेक संपल्यावर साधारण नऊ महिन्यांपासून दोनेक वर्षांत सुरू होतो, काहींना त्याहून बऱ्याच उशिरा. याला रेडिएशन प्रॉक्टायटिस म्हणतात. आईच्या बाबतीत मला याचीच शंका जास्त आहे, पण पत्र वाचून मी ते ठरवू शकत नाही आणि कोणीच ठरवू नये, कारण या वयात मोठ्या आतड्यात दुसरं काही असू शकतं. म्हणून दुर्बिणीने तपासणी करायचीच, पोटाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टकडे. तुकडा तपासायला घेणार असतील तर पुन्हा एकदा शेकाची आठवण करून द्या, पुढच्या भिंतीचा तुकडा शक्यतो घेत नाहीत, तिथे व्रण होऊन चिघळू शकतो. सोबत हिमोग्लोबिन बघा. थोडं थोडं रक्त जात राहिलं की बाई नुसती थकल्यासारखी दिसते आणि घरचे म्हणतात वय झालं.

उपचार रक्त किती जातं यावर. कधीतरी थेंब दोन थेंब असेल तर बऱ्याच वेळा शौच मऊ ठेवणं, हिमोग्लोबिन बघत राहणं एवढंच पुरतं. त्याहून जास्त असेल तर सुक्राल्फेटचा एनिमा देतात. स्वस्त औषध आहे, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की स्टेरॉइडचा एनिमा आणि गोळ्या यांच्यापेक्षा याने जास्त आराम पडतो. साधारण २० मिली, दिवसातून दोनदा, काही आठवडे. शौचाला जाऊन आल्यावर आईला डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं, मऊ नळीला जेली लावायची, सिरिंजने अगदी सावकाश सोडायचं, मग पडल्या पडल्या कूस बदलायची आणि होईल तितका वेळ धरून ठेवायचं. नळी जोर लावून आत घालायची नाही, पहिल्यांदा नर्सकडून समोर शिकून घ्या. केमिस्टकडे याचं जे सिरप मिळतं त्यात कधी कधी ऑक्सेटाकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, तेव्हा नेमकं कुठलं आणि किती हे चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

त्यानेही थांबलं नाही तर दुर्बिणीतून आर्गॉन वायू आणि करंट वापरून त्या वाहिन्या वरच्यावर भाजून बंद करतात, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त सिटिंग लागतात आणि त्याआधी पोट पूर्ण साफ करावं लागतं. काही ठिकाणी ४ टक्के फॉर्मॅलिन लावतात, तेही बऱ्यापैकी काम करतं. हट्टी केसमध्ये जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवतात, पण ते मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्चिक आहे.

घरी एवढं बघा, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल चालेल, अंगदुखीसाठी मनाने पेनकिलर नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय बंद करायची नाही. लोहाच्या गोळीने शौच काळसर होतं, त्याला घाबरू नका. पण भरपूर रक्त पडलं, चक्कर आली, ताप आला किंवा योनीमार्गातून वारा किंवा शौच येतंय असं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि आईला लाज वाटते म्हणून ती सांगत नाही, तेव्हा तुम्हीच रोज विचारत जा.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, प्रोस्टेटचा शेक चालू आहे, तिसरा आठवडा. दिवसात दहा वेळा कळ येते, बसलं की काहीच होत नाही, नुसती जळजळ. उरलेला शेक सोडून द्यावा का? बायको म्हणते नातवालाही जवळ घेऊ नका.
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, सोडू नका. मध्येच बंद केलेला शेक पूर्ण काम करत नाही. तुमचं हे दुखणं वरच्या पत्रातल्यापेक्षा वेगळं, ही चालू शेकाची सूज आहे, बहुतेकांची शेक संपल्यावर काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत उतरते. पण सोसत बसू नका, दर आठवड्याला डॉक्टर बघतात तेव्हा हेच शब्द वापरून सांगा, जुलाब थांबवायची गोळी किंवा एनिमा ते देतील. सध्या मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, केळं असं खा, पालेभाजी, उसळी, तिखट आणि दूध काही दिवस बाजूला ठेवा, नंतर एकेक परत आणा. सारखं जावं लागतं म्हणून पाणी तोडू नका, शेकाच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली असली की आतडं थोडं लांब राहतं, तेव्हा टेक्निशियन सांगतात तेवढं प्याच. कोमट पाण्याच्या टबात बसल्याने आग कमी होते. मलम मात्र विचारून.

नातवाचं म्हणाल तर, बाहेरून मशीनने दिलेला शेक अंगात शिल्लक राहत नाही, मशीन बंद झालं की संपलं. जवळ घ्या, एका ताटात जेवा, घरातल्या कोणालाही त्याने काही होत नाही. वहिनींना हे वाचून दाखवा.