रडारच्या कामाला चिनी भाषा कशाला?

स. न. वि. वि.

निपाणीहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. लेक पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, भौतिकशास्त्रात ६१ गुण आहेत, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि तिला संरक्षण क्षेत्रातील इलेक्ट्रॉनिक टेहळणीत जायचे आहे. शत्रूचे बोलणे पकडायचे तर त्याची भाषा यायलाच हवी, असे समजून आपण तिची गणिताची शिकवणी बंद केली आणि तिला चिनी भाषेच्या ऑनलाइन वर्गात घातले.

मला गुणांपेक्षा या निर्णयाची काळजी वाटते, कारण तो घेताना आपण तिला काहीही विचारलेले दिसत नाही. दोन पानांच्या पत्रात तिचे म्हणून एकच वाक्य आहे, ‘मला रडारच्या लहरींचे काम करायचे आहे’, आणि त्यापुढे आपण लिहिता की तिला अजून नीट समज नाही. तिला नीट समजले आहे. गैरसमज आपला झाला आहे.

संभाषणे टिपणे ही निराळी शाखा आहे आणि तिथे भाषा जाणणारी माणसे लागतात. आपली लेक म्हणते त्या कामात संभाषण नसतेच. रडार लहरींचे स्पंद सोडत राहते. ते दुरून टिपून त्यांची वारंवारता, प्रत्येक स्पंदाचा कालावधी, दोन स्पंदांमधला वेळ आणि अँटेना फिरण्याची गती मोजली, की ते रडार कोणत्या प्रकारचे आहे आणि कशासाठी लावले आहे, याचा अंदाज बांधता येतो. समजा, दर मिलिसेकंदाला एक स्पंद येतो आहे. पुढचा स्पंद निघण्यापूर्वी आधीच्याने लक्ष्यावर आपटून परत यायचे असेल, तर ते लक्ष्य साधारण १५० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे, हे प्रकाशाच्या वेगावरून आपली लेक आजही काढून दाखवील. इस्रोने १ एप्रिल २०१९ रोजी सोडलेल्या ४३६ किलोच्या एमिसॅट उपग्रहाचा जाहीर उद्देशही विद्युतचुंबकीय वर्णपटाचे (रडारच्या लहरीही त्यातच येतात) मोजमाप हाच होता. या मोजमापाला गणित लागते, आणि आपण नेमके तेच थांबवले आहे.

पुढची वाट सरळ आहे: सीईटी किंवा जेईई, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनची पदवी, मग गेट ही अभियंत्यांसाठीची परीक्षा, आणि त्यानंतर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबाद-बेंगळुरू येथील प्रयोगशाळा किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी. पदवीसाठी बेळगावाबाहेर जाण्याचीही गरज नाही.

चिनी वर्गाची भरलेली फी बुडाली तरी चालेल, पण गणिताची शिकवणी याच आठवड्यात पुन्हा सुरू करावी. यापुढचे पत्र मात्र तिला स्वतःला लिहू द्यावे, आणि ते पाठवण्यापूर्वी आपण तपासू नये.