साथीच्या काळात वर्गात तोंडी परीक्षा सुरक्षितपणे कशी घ्यावी?

शक्यतो वर्गात घेऊच नका, व्हरांड्यात घ्या. मी परळला मराठी शिकवते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले, तेव्हा आम्ही हेच केलं. बोलताना तोंडातून बारीक तुषार बाहेर पडतात, आवाज चढवला की जास्तच, आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ हवेत राहतात. म्हणून बाक पुसत बसण्यापेक्षा वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. पाऊस असेल तर वर्गात घ्या, पण समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा.

मास्क काढायला मात्र सांगू नका. एक मुलगी कविता म्हणत होती. प्रत्येक ओळीला मास्क ओठांना चिकटायचा, ती चिमटीने तो पुढे ओढायची आणि तेवढ्यात शब्द निसटायचा. मी गुण कापायच्या बेतात होते! तेव्हापासून उच्चारांचे गुण देताना हात सैल ठेवते. मुलाच्या बाकावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मी सहा फुटांवर बसते, म्हणजे त्याला ओरडावं लागत नाही. नीट ऐकू आलं नाही तर घरी पुन्हा ऐकते.

एका वेळी एकच मूल, प्रत्येकाला ठरलेली वेळ. संवादासाठी रोजचीच बाकावरची जोडी ठेवा.

ताप-खोकला असलेल्या मुलाची परीक्षा नंतर किंवा फोनवर घ्या, आणि हे आधीच वर्गात सांगा. नाहीतर गुण जातील या भीतीने मुलं गोळी घेऊन येतात.