हेल्थ सायन्सेसमध्ये मास्टर्स करायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मास्टर्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर ढीगच आला, सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, त्यामुळे जे परत परत येतायत तेवढे घेतलेत आणि थोडे कापून छोटे केलेत.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे, चार वर्षं प्रॅक्टिस झालीय. एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स) करू की माझ्याच विषयातलं क्लिनिकल मास्टर्स? सगळे म्हणतात एमपीएचला स्कोप आहे.

स्कोप आहे म्हटलं की मी आधी विचारतो, कशाला? एमपीएच केल्यावर पेशंट समोर टेबलवर झोपलेला नसतो, तो एक्सेलच्या एका ओळीत असतो. एपिडेमिऑलॉजी (आजार कुणाला, कुठे आणि का होतात याचा अभ्यास), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या डेटाचं संख्याशास्त्र), पर्यावरण आणि आरोग्य, हेल्थ पॉलिसी-मॅनेजमेंट आणि समाज व लोकांचं वागणं, हे त्याचे जुने पाच मुख्य विषय, आणि यातल्या एकातही गुडघा कसा हलवायचा ते शिकवत नाहीत. हाताने काम करण्यातच मजा येत असेल तर क्लिनिकल मास्टर्स घ्या, उगाच लोकांचं ऐकून त्या दिशेला जाऊ नका. पण एकाच कारखान्यातून दर आठवड्याला तीच कंबरदुखी घेऊन नवनवे लोक येतायत आणि तिथलं काम कसं चालतं ते बघायला कुणीच जात नाही याची तुम्हाला चिडचिड होत असेल, तर तुम्ही एमपीएचवालेच आहात.

आणि एक, एमपीएचने पेशंट तपासायचं लायसन मिळत नाही. आधीच्या डिग्रीने जे मिळालंय तेवढंच राहतं. विज्ञानाची पदवी घेऊन थेट एमपीएचला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हे फार उशिरा लक्षात येतं.

प्रश्न : गणित कच्चं आहे, बायोस्टॅटच्या नुसत्या नावाने पोटात गोळा येतो. जमेल का?

जमेल. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, तुम्हाला फक्त आलेल्या आकड्याचा अर्थ लावायचाय, आणि खरी मेख तिथेच आहे. समजा हजार जणांत दोघांना एखादा त्रास व्हायचा, औषधाने तो एकावर आला. आता कुणी लिहिलं "धोका निम्म्यावर", तर ते खरंच आहे. पण एकाचा त्रास टाळायला हजार जणांना औषध द्यावं लागतंय, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं वाक्य हेडलाइनमध्ये गेलं आणि का गेलं, हे ओळखता येणं म्हणजे अर्धा बायोस्टॅट.

दुसरं म्हणजे कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा. रिलेटिव्ह रिस्क (औषध घेणाऱ्यांचा धोका भागिले न घेणाऱ्यांचा, १ आला तर दोन्ही सारखेच) ०.८०, आणि ९५ टक्के इंटर्व्हल ०.६२ ते १.०३ असं दिसलं की निम्मा वर्ग लिहून मोकळा होतो, "काहीच परिणाम नाही". अहो, असं नाही ते! धोका ३८ टक्क्यांनी कमी होण्यापासून ते ३ टक्क्यांनी वाढण्यापर्यंत काहीही या डेटात बसू शकतं, म्हणजे अभ्यासाला ठामपणे सांगता आलं नाही, एवढंच. पी व्हॅल्यू (खरं तर फरकच नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, तिची रूढ सीमा ०.०५) ०.०४९ आली की पेढे आणि ०.०५१ आली की सुतक, हा प्रकारही पहिल्या सेमिस्टरलाच सोडून द्या.

तयारी म्हणून एक करा. एखाद्या छापील पेपरमधलं साधं दोन बाय दोनचं टेबल (औषध घेतलं-नाही घेतलं, आजार झाला-नाही झाला) घ्या आणि रिस्क रेशो (म्हणजे वरचाच रिलेटिव्ह रिस्क) आणि ऑड्स रेशो (आजार झालेले भागिले न झालेले, या आकड्याची दोन गटांतली तुलना) कॅल्क्युलेटरवर स्वतः काढा. आजार दुर्मिळ असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात आणि कॉमन असेल तर लांब जातात, हे एकदा स्वतःच्या हाताने बघितलं की परत पाठ करावं लागत नाही. सॉफ्टवेअर म्हणाल तर आर फुकट आहे, सुरुवातीला डोकं खातं, पण काय काय केलं ते कोडमध्ये लिहिलेलं राहतं. मेन्यूवर क्लिक करत केलेलं अॅनालिसिस दोन महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

प्रश्न : डिझर्टेशनसाठी "मोबाईलच्या अतिवापराचा तरुणांच्या आरोग्यावर परिणाम" हा विषय दिला, गाइडनी "फार मोठा" एवढंच लिहून परत पाठवला. नक्की काय चुकलं?

गाइडनी दोन ओळी जास्त लिहायला हरकत नव्हती, पण बोलले ते बरोबर. अतिवापर म्हणजे किती तास, तरुण म्हणजे कोण, आरोग्य म्हणजे वजन, डोळे, मूड की झोप? झोप धरू. मग ती मोजणार कशी? पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स नावाची प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे, ० ते २१ स्कोअर येतो आणि ५ च्या वर गेला की झोप खराब धरतात. अशी आधीच तपासलेली प्रश्नावली असताना घरी बसून स्वतःची बनवू नका, फक्त वापरायला परवानगी लागते का, आणि तुमचे लोक ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत ती तपासलेली आहे का, ते आधी बघा. आणि फोन किती तास वापरता असं तोंडी विचारू नका, कुणालाच नीट आठवत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये जो आकडा दिसतो तोच लिहून घ्या.

एवढं करूनही एकदाच केलेल्या सर्व्हेतून "परिणाम" सिद्ध होत नाही, कारण ज्याला झोप लागत नाही तोच रात्री फोन घेऊन पडलेला असतो! आधी काय झालं ते कळत नाही. त्यामुळे दोन्हींचा संबंध आहे का, एवढाच प्रश्न ठेवा. मास्टर्सला तेवढा भरपूर झाला.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला फॉर्म भरून घ्यायच्या आधी हवी. "आपल्याच वर्गातली मुलं आहेत, त्यात काय" हे चालत नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नैतिक नियम सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून हे पक्कं ठरलेलं आहे की माणसाला आधी नीट समजावून सांगायचं आणि नाही म्हणायची मोकळीक द्यायची, आणि वर्गमित्राला नाही म्हणणं तर उलट जास्त अवघड असतं. सॅम्पल साइजही आधीच काढा, "शंभर बरे वाटतात" हे कारण व्हायव्हात टिकत नाही.

आता डेटा एंट्री, हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वयाच्या कॉलममध्ये एकाने २२ लिहिलंय, दुसऱ्याने "२२ वर्षे", तिसऱ्याने जन्मतारीख. लिंगाच्या कॉलममध्ये एम, मेल, पुरुष, आणि एका ठिकाणी नुसता टिंब. एका तारखेत महिना आधी, दुसरीत दिवस आधी. अॅनालिसिसला आठवडा लागतो आणि हे साफ करायला महिना. म्हणून फॉर्म बनवतानाच वयाला फक्त आकडा आणि बाकीला ठरलेले पर्याय ठेवा, आणि मूळ फाइलची एक कॉपी करून तिला परत हात लावू नका.

प्रश्न : मला डेटा गोळा करायला वेळच नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावर आधी छापलेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून एकत्र मांडणं) केला तर घरी बसून पटकन होईल ना?

घरी बसून होईल. पटकन नाही. पेपर निवडताना दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं, म्हणजे जोडीदार शोधणं आलं, प्रोटोकॉल (काय, कसं करणार याचा आराखडा) प्रॉस्परो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन रजिस्टरवर आधी नोंदवणं चांगलं, आणि शेवटी रिव्ह्यू कसा लिहायचा ते सांगणारी प्रिझ्माची २७ मुद्द्यांची चेकलिस्ट समोर असतेच. नुसत्या सर्चमधून हजारो टायटलं येऊ शकतात. रेफरन्सेस पहिल्या दिवसापासून झोटेरो या रेफरन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे.

प्रश्न : नर्स आहे, शिफ्ट ड्युटी आणि दोन लहान मुलं. ऑनलाइन मास्टर्स करावं का?

करा, पण फी भरायच्या आधी तीन गोष्टी ईमेलवर लेखी विचारून घ्या. परीक्षा किंवा प्रॅक्टिकलला प्रत्यक्ष यावं लागतं का, लेक्चर रेकॉर्डेड आहेत की ठरलेल्या वेळेलाच हजर राहायचं (नाइट ड्युटीवाल्यांसाठी सगळं यावरच अवलंबून आहे), आणि मधे एक सेमिस्टर गॅप घेता येते का. शिवाय प्रमोशनसाठी ही डिग्री धरणार का हे कॉलेजला विचारून उपयोग नाही, ते स्वतःच्या एचआरला आणि काउन्सिलला विचारा.

प्रश्न : वय ४१. उशीर झाला का?

नाही. उलट तुमच्याकडे प्रश्न आहेत, बावीस वर्षांच्या मुलांना ते शोधावे लागतात. मात्र नोकरी सोडून पूर्णवेळ करताय की नोकरी सांभाळून, हा हिशोब घरच्यांसोबत बसून आधी करा.

प्रश्न : गाइड मेलला उत्तरच देत नाहीत. दोनदा लिहिलं, काय करू?

तुमचा मेल मी वाचला. "सर, चॅप्टर जोडला आहे, कृपया मार्गदर्शन करावे." आता चाळीस पानं उघडून नक्की कशावर मार्गदर्शन करायचं ते त्यांना कसं कळणार? हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असं विचारा. "वगळण्याच्या निकषात (कुणाला अभ्यासात घ्यायचं नाही त्या यादीत) स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) घालू का? मला घालावंसं वाटतंय, कारण त्याने झोपेचा स्कोअर मुळातच बिघडतो. शुक्रवारपर्यंत कळलं तर सोमवारी फॉर्म फायनल करते." असा मेल फोनवर उभ्या उभ्या वाचूनही उत्तर देता येतं. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करून ठेवा, नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" व्हायला नको. एवढं करूनही तीन आठवडे शांतताच असेल तर कोर्स कोऑर्डिनेटरला भेटा, तक्रारीच्या सुरात नको, मेल आणि तारखा दाखवा आणि को-गाइड मिळेल का विचारा. सबमिशनच्या महिनाभर आधी मात्र हे मागू नका, तेव्हा कुणीच तुमची फाइल हातात घेणार नाही.