शंभर रुपयांतले सव्वीस

प्रश्न : २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये आणि आरोग्य मंत्रालयाला एक लाख कोटींच्याही आत! इकडे आमच्या गावच्या उपकेंद्राला आठवड्यातले चार दिवस कुलूप असते. शस्त्रांवरचा थोडा पैसा दवाखान्यांकडे वळवायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपली चीड रास्त आहे, मात्र ज्या दोन आकड्यांवर ती उभी आहे, ते एका तराजूत घालता येत नाहीत. संरक्षण हा सर्वस्वी केंद्राचा विषय, तर सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीतला. त्यामुळे संरक्षणाचा सगळा खर्च दिल्लीच्या एकाच अर्थसंकल्पात दिसतो, आणि आरोग्याचा मोठा हिस्सा आपल्या विधिमंडळापुढे येतो. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले होते. कुलपाचा जाब विचारायचा तो आधी मुंबईत.

राहिला शस्त्रांचा प्रश्न. संरक्षणाच्या तरतुदीतले शंभर रुपये मोडून पाहिले, तर विमाने, जहाजे, तोफा अशा भांडवली खर्चाला त्यांतले सुमारे सव्वीस मिळतात. पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल यांत सेहेचाळीस जातात, निवृत्तिवेतनात जवळजवळ चोवीस, आणि उरलेले चार सीमेवरचे रस्ते, तटरक्षक दल वगैरेंना. म्हणजे भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी, तर निवृत्तिवेतन १ लाख ६० हजार कोटींहून अधिक. यातले काही रुपये दर महिन्याला आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या पासबुकांत उमटतात. ‘शस्त्रांवरचा पैसा’ कापा म्हणताना नेमका कोणता कापायचा, हे कोणताच पक्ष सभेत सांगत नाही.

हा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्याही आत आहे. तो तीन टक्के असावा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने केलेली आहे. विकास आधी, सैन्य नंतर, हा क्रम आपण एकदा लावून पाहिला होता. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावून संरक्षण खाते सोपवावे लागले, आणि खर्चही घाईने वाढवावा लागला. म्हणून टक्केवारी वाढवत राहावे, असे मात्र मला वाटत नाही. तीन टक्के दिले आणि वाढीव रक्कमही पगार-निवृत्तिवेतनातच गेली, तर नव्या पाणबुडीची वाट तितकीच लांब राहील. २०२२ च्या अग्निपथ योजनेवर कितीही टीका होवो (सैनिक म्हणून भरती केलेल्यांपैकी चारांतल्या तिघांना चार वर्षांनी निवृत्तिवेतनाविना घरी पाठवणे मलाही पटलेले नाही), निवृत्तिवेतनाच्या या गाठीला निदान तिने हात घातला.

हे सारे जिथे बोलले जावे, तिथे काय होते तेही पाहा. चर्चेला न आलेल्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे एकेका खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, लोकसभेत अखेरच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात. याला ‘गिलोटिन’ म्हणतात. २३ मार्च २०२३ रोजी गदारोळात सुमारे ४५ लाख कोटींच्या मागण्या काही मिनिटांत, एकाही खात्यावर चर्चा न होता मंजूर झाल्या. त्यांत संरक्षणाच्या होत्या, आणि आरोग्याच्याही.