कॉरिंथच्या सुरईवरचं कमळ

प्रश्न : प्राचीन ग्रीक मातीच्या भांड्यांची छायाचित्रं पाहिली. कॉरिंथच्या एका सुरईवर कमळांची ओळ आहे आणि तिच्याखाली सिंह. कमळ आपल्याकडूनच तिकडे गेलं असणार ना? आणि तो चकचकीत काळा रंग कशाचा? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, ते कमळ आपल्याकडून गेलेलं नाही. ते इजिप्तचं, आणि खरं तर कमळही नव्हे, नाईलच्या पाण्यात फुलणारं निळं कुमुद. आपलं कमळ इजिप्तमध्ये पोचलं ते फार नंतर, इराणी अंमलाच्या सुमारास. कुमुदाची नक्षी मात्र त्याआधीच आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन कारागिरांनी उचलली होती. ती त्यांनी हस्तिदंतावर कोरली, धातूच्या वाडग्यांवर ठोकली आणि तो माल जहाजांतून ग्रीक बंदरांत उतरला. तोवर ग्रीक भांड्यांवर बहुतेक चौकटी नि नागमोडी रेघाच असत. इ.स.पू. सातव्या शतकात कॉरिंथच्या भांड्यांवर फुलं आणि श्वापदं दाटीवाटीने दिसू लागली.

माझे वडील साखर पेठेत चादरींवर नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागासाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. एखाद्या जुन्या गालिच्यावरचा मोर समोर ठेवून तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचे. शेपटी मावायची नाही, मग ती आखूड करायचे, आणि पुढे त्या आखूड शेपटीवरूनच लोक ती चादर ओळखायचे. कॉरिंथच्या सिंहाकडे मी याच नजरेने बघते. आधी त्याचं तोंड उत्तर सीरियातल्या दगडी सिंहांसारखं चौकोनी असतं, नंतर तो आजच्या उत्तर इराकमधल्या असिरियन राजवाड्यांतल्या सिंहांच्या वळणावर जातो. नमुना बदलला की सिंह बदलतो.

काळ्या रंगाचं म्हणाल, तर तो रंग नाही, मातीच आहे. लोहाचा अंश असलेली माती पाण्यात गाळून गाळून तिचा अगदी बारीक लेप भांड्याला देत. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली की सगळं भांडं लाल व्हायचं. मग ओलं लाकूड घालून हवा कोंडली की सगळं काळं. शेवटी पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल व्हायची, पण लेप तोवर काचेसारखा घट्ट झालेला असायचा. त्यात हवा शिरत नसे, म्हणून तो काळाच राहायचा. आपला कुंभारही आव्याची तोंडं बुजवून काळी मडकी काढतो. ती शेवटची हवा कधी सोडायची, यात अथेन्सच्या भट्टीवाल्याचं खरं कसब.

या देवघेवीतला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे अथेन्सचा कुंभार निकोस्थेनीस. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांना अथेन्सच्या भांड्यांची भारी हौस होती. इ.स.पू. 530 च्या आसपास त्याने त्यांच्याच काळ्या 'बुकेरो' भांड्याचा घाट घेतला, पट्टीसारखे रुंद कान तसेच ठेवले, वर अथेन्सच्या धाटणीची चित्रं काढवली आणि ती भांडी त्यांनाच विकली!

आपला संबंध शोधायचा तर धाराशिवजवळच्या तेरला जा. कॉरिंथच्या त्या सुरईनंतर जवळजवळ 700 वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक प्रवासवर्णनात हे गाव 'तगर' म्हणून आलं आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडली, आणि ती मात्र नक्की आपल्याकडून गेलेली.